अर्धंच वाचलेलं वाक्य

नाही वकीलसाहेब, निकालावरचा तो नवा लेख मी ब्लॉगवरून काढणार नाही — एकदा सांगितलं, दहादा सांगू? बदनामी कसली? दादाचं नाव लिहिलंय का मी? 'नवरा' लिहिलंय, 'सून' लिहिलंय, आणि तुम्हाला 'विद्वान वकील' — तेवढं मात्र चुकलं माझं, मान्य! बसा ना. उभ्याने धमक्या देऊ नयेत, पाय दुखतात.

सख्ख्या बहिणीकडे वकील पाठवतो! स्वतः यायला तोंड आहे का त्याला? कुठलं आलंय! मी ब्लॉग सुरू केला तेव्हा घरात सगळे हसायचे — कोर्टाचे निकाल कोण वाचतंय, वेड लागलंय हिला — दादा तर 'संपादकीणबाई' म्हणून हाक मारायचा. ऐकायची ती एकटी वहिनी. कपड्यांच्या घड्या घालता घालता मला मोठ्याने वाचायला लावायची आणि मध्येच थांबवायची — हे 'तदनुषंगाने' काय असतं गं, काढ ते, मला कळत नाही तर कुणाला कळणार? वहिनीला घराबाहेर काढायच्या खटल्यात तुम्ही कोर्टात फडकावलात ना माझा जुना लेख, त्यातलं ते वाक्यसुद्धा तिनेच सोपं करून दिलेलं — 'घर सासूच्या नावावर असेल तर सुनेचा त्यावर काहीही हक्क नाही, असं न्यायालय म्हणतं, आणि इथेच न्यायालय साफ चुकतं.' तुम्ही काय वाचलंत? 'काहीही हक्क नाही' — आणि थांबलात. पुढचं गिळलंत. वर म्हणालात, ही यांच्या सख्ख्या नणंदेचीच लेखणी आहे, महोदय! मी मागच्या बाकावर होते — उठून ओरडले, अर्धं वाचलंय, पुढे वाचा! — तर न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, बाई, तुम्ही या प्रकरणात कोणी नाही, खाली बसा. कोणी नाही! आणि निकालात? तेच अर्धं वाक्य, माझ्या नावानिशी! मूळ लेख उघडून बघायचे कष्ट कुणी घेतले? शी! मी लोकांना घसा फोडून सांगते, निकाल शेवटपर्यंत वाचा, मथळ्यावर जाऊ नका — आणि इथे काळा कोट घातलेली माणसंच वाक्याचं मुंडकं तोडून नेतात. किळस येते हो. तुमची येते, त्या खुर्चीची येते, लिहायचीसुद्धा येते.

वहिनी रडली नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "ते आपलं वाक्य ना?" — आपलं म्हणाली ती. दोन बॅगा घेऊन त्या घरातून निघाली, तेव्हा आई दारात उभी होती, आणि ही तिला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगत होती. आता माझ्याकडेच असते. आत्ता कामावर गेलीय, नाहीतर तुम्हालाही चहा केला असता तिने — हो, तुम्हालासुद्धा, तशीच आहे ती. अजून म्हणते, तुझा दादा मनाने वाईट नाही गं, आईंच्या शब्दाबाहेर जात नाही एवढंच. तिला काय सांगू? निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात हा मला गाठून हसत म्हणाला, "लेख कामी आला बरं का तुझा! नाहीतरी घर आईच्या नावावर मी उगाच नव्हतं केलं — कधी हिला काढायची वेळ आली तर सोपं जावं म्हणूनच केलं होतं." हसत म्हणाला! माझा भाऊ! तुम्ही काढायला सांगताय त्या नव्या लेखात हे कुठाय? नाहीये. हे अपिलात येणार, माझ्या शपथपत्रात, तेव्हाच वहिनीलाही —

काय झालं? असे काय बघताय? हे त्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं?

…वहिनीच्या वकीलबाईंनी बजावलं होतं मला, अपील होईपर्यंत तोंड बंद ठेव म्हणून. तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगून बसले. तुम्हाला!

उठा. चपला घाला आणि निघा. ती यायची वेळ झालीय.