चमचाभर पाणी

सांधेदुखीच्या दवाखान्यात मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला. तसं केलं की शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं नीट ऐकू येतं.

“आजचा कोबी पाणचट होता हं.”

“मिरची नको, टोमॅटो नको, दही नको. पथ्याचा कच्चा कोबी आणखी कसा लागणार?”

“चवीचं नाही म्हणत. मीठ लावून मी रोज घट्ट पिळतो, तसा नव्हता.”

“आज मी पिळला.”

“तू? या बोटांनी?”

“तुम्ही अंघोळीला गेला होतात.”

“मूठ मिटली?”

“अर्धी.”

“पाणी किती निघालं?”

“चमचाभर.”

“डॉक्टरांना आधी तेच सांग.”

“काय सांगू? कोबी बिघडवला म्हणून?”

“पाणी निघालं म्हणून! आणि उद्याही तूच पिळ. पाणचट तर पाणचट, मी दोनदा वाढून घेईन.”