कोनता पत्ता?

मले अजूनई राग येते, सांगतो तुमाले. मी अन् शबाना अमरावतीच्या कॉलेजात नेटवर्किंग शिकवतो. इंटरनेटच्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात एक वाक्य होतं, 'फिरतीवर असताना मोबाइलने आपला पत्ता कायम ठेवावा.' आता इंटरनेटवर फिरत्या फोनले पत्ते (आयपी अ‍ॅड्रेस) असतात दोन. एक घरच्या नेटवर्कचा, दुसरा जिथं गेला तिथला. मसुदा तपासाले मी घरचा धरून प्रोग्राम लिवला, शबानानं नवा धरून. दोन फोनवर टाकले, अकोल्याच्या बसमधून तिले कॉल लावला, तर अमरावतीजवळच्या बडनेऱ्यातच तुटला.

मसुदा लिवनाऱ्या समितीच्या ऑनलाइन बैठकीत आमी विचारलं, "कोनता पत्ता ठेवायचा?"

अध्यक्ष हसले. "शहाण्या माणसाला ते न सांगता कळतं."

शबाना भडकली. "मंग तुमीच सांगा नं सर, कोनता?"

"अर्थात नवा!"

तेवढ्यात त्यायचेच उपाध्यक्ष म्हनाले, "नाही हो, घरचा!"



शबाना म्हने, "तुमच्या दोघांत शहाना कोन ते ठरवा, आमी थांबतो."

त्याच बैठकीत वाक्य बदललं, 'दोन्ही पत्ते ठेवावेत.' अन् बदलाचं कारन काय लिवलं? 'किरकोळ भाषादुरुस्ती.' किरकोळ म्हने!