आधी पहिलं पान

(शेलूबाजार. रस्त्याले लागून असलेलं ऑनलाइन फॉर्मचं दुकान, भरदुपार. शटर अर्धं ओढलेलं. विधवा सून रूपाली कम्प्युटरसमोर, तिचा धाकटा दीर हरीओम मागं उभा, सासू गोजराबाई बाकावर डबा घेऊन.)

हरीओम : घाई नका करू वहिनी. रोज करता तसंच करा. गिऱ्हाईक समोर बसलं आहे असं समजा, अन् मले वाशिमचं आजचं हवामान काढून दाखवा.

रूपाली : हवामान? तुमच्या खिशात फोन आहे ना भाऊजी. त्याले विचारा, थो बोलून सांगते.

हरीओम : मले तुमच्या हातून पाह्यजे. शटर उगीच खाली नाही ओढलं मी.

रूपाली : घ्या मग. हे शोधाचं पहिलं पान उघडलं. थांबा, पुरं येऊ द्या. आलं. आता लिहिते, वाशिम हवामान. ढगाळ, बत्तीस. झालं समाधान?

हरीओम : एकदम झालं. माय, पाह्यलं का तू?

गोजराबाई : काय पाहू बापा मी? मले कुठं समजते थे. तू भाकर खाऊन घे आधी, पिठलं थंडं होऊन राह्यलं.

हरीओम : होऊ दे. वहिनी, हवामान पडद्याच्या वरच्या पट्टीतही लिहिता येते. तिथं लिहिलं, बटन दाबलं, काम खतम. मग हे पहिलं पान काहून उघडलं?

रूपाली : सवय आहे. यांनी तसंच शिकवलं. दुकान टाकलं तवा नेट असं चालायचं की लिहिलेलं अर्ध्यातच अडकून बसायचं. हे म्हणत, आधी पहिलं पान उघड, थे पुरं आलं म्हणजे रस्ता चालू आहे. मग काय लिहाचं थे लिही. दहा वर्षं झाली, हात आपोआप तिथंच जाते.

हरीओम : दादा गेल्याले तीन वर्षं झाली. नेट सुधरलं, जग सुधरलं. मी वरच लिहितो, माही बायको वैभवीही वरच लिहिते. गिऱ्हाइकं त फोनातच बोलतात, पीकविम्याची तारीख सांग म्हणतात अन् चालले. त्या पानावर आता कोणी जात नाही. तुमी तेवढ्या जाता, रोजच्या रोज, हळदीकुंकवाचं बोलावणं असल्यासारख्या.

रूपाली : मले कोण देते हळदीकुंकवाचं बोलावणं. पुढं बोला.

हरीओम : राग नका मानू. मी काय केलं, या कम्प्युटरची यादी काढली. कोण कवा काय उघडलं, सगळं राह्यते त्याच्यात. मागच्या महिन्यात हे पहिलं पान तीनशे अकरा वेळा उघडलं. माह्या हातून एकदाही नाही, वैभवीच्या हातून नाही. म्हणजे जिथं हे पान, तिथं तुमी. बरोबर ना?

रूपाली : बरोबर असंल. मग त्यानं काय झालं?

हरीओम : मंगळवारचं ऐका. हे पाहा, कागदावर उतरवून ठेवलं. दोन वाजून बारा मिनिटं, पहिलं पान उघडलं. त्याच्यानंतर लिहिलं, मयताच्या दुकानात वाटा. आता मयत कोण अन् दुकान कोणतं, थे मी बोलत नाही. तुमीच बोला.

रूपाली : हे मी नाही लिहिलं.

हरीओम : पान तुमचं आहे.

रूपाली : पान असू द्या. यादी दाखवा मले, माह्या डोळ्यानं पाहते.

हरीओम : यादी सकाळीच पुसून टाकली. गिऱ्हाइकाच्या नजरेले पडली असती त घरची अब्रू गेली असती.

रूपाली : भाऊजी, मी दहा वर्षांपासून लोकायचे वारसाचे फॉर्म भरून राह्यली. कोणाले किती वाटा, थे मले झोपेतून उठवून विचारा. मी कायले पाहू? मले पाहाची गरजच नाही. तीन वर्षांत एक शब्द काढला का मी, हा गाळा यांच्या नावचा आहे म्हणून?

हरीओम : तोंडानं नाही काढला. म्हणूनच त लपून पाह्यलं.

रूपाली : मंगळवारी दोन वाजता मी दुकानात नव्हतीच. तुमी जेवाले गेले होते. झेरॉक्सचे कागद संपले म्हणून मी स्टँडवर गेली, तिथं दुकानदार जेवत होता, त्याच्या दारात थांबावं लागलं. अडीचले परत आली.

हरीओम : मग दुकान उघडं टाकून गेल्या?

रूपाली : नाही. आत्याबाई होत्या इथं.

हरीओम : अच्छा. म्हणजे मायनं लिहिलं.

रूपाली : मी तसं नाही म्हटलं. आत्याबाई, तुमीच सांगा ना. भाऊजी काही खाणार नाहीत तुमाले.

गोजराबाई : मी काय सांगू? मी डबा घेऊन आली, बाकावर बसली. मांडीवर डबा, डोक्यावर पंखा. मले काय मालूम कोण काय लिहिलं.

रूपाली : आत्याबाई.

गोजराबाई : आत्याबाई आत्याबाई काय लावलं? केलं असंल त कबूल कर अन् मोकळी हो.

रूपाली : तुमी मले शपथ घातली होती म्हणून आजवर बोलली नाही. आता बोलते. भाऊजी, पोळ्यापासून मी आत्याबाईले कम्प्युटर शिकवून राह्यली. तुमी जेवाले जाता ना, त्या अर्ध्या तासात. यायले तुमच्या दादाचा आवाज ऐकाचा होता. सप्त्यात यांनी पखवाज वाजवला होता, त्याचा व्हिडीओ कोणी तरी टाकला आहे नेटवर. मी रोज लावून द्यायची. मग एक दिवस म्हणाल्या, मले शिकव, तू नसली त मी काय करू. चौथी शिकलेल्या आहेत, अक्षर ओळखतात. त्या पानावर मराठी अक्षरायचा छोटा कीबोर्ड उघडते, त्याच्यावर एकेक अक्षर माउसनं दाबाचं. मले जसं यांनी शिकवलं तसंच मी शिकवलं. आधी पहिलं पान.

हरीओम : माय, खरं आहे का हे?

गोजराबाई : काय बोलून राह्यली हे पोरगी.

हरीओम : सोपं आहे. दूध का दूध. वहिनी, उठा. माय, तू बस या खुर्चीत.

गोजराबाई : मी कायले बसू?

हरीओम : बस म्हटलं ना. हं. आता माउस धर. अन् एक पान उघडून दाखव.

गोजराबाई : हा माउस होय का? याले धरतात कसं बापा? शेपटी इकडं का तिकडं?

रूपाली : असं नका करू आत्याबाई.

गोजराबाई : काय असं नका करू? आता मले येतच नाही त काय करू मी? पाह्य हरी, उलटाच धरला वाट्टे मी.

रूपाली : शनिवारी तुमी माह्या हाताले हात लागू दिला नाही. म्हटलं, सरक, माही मी लावते. यांचं नाव अन् पखवाज, नरेंद्र पखवाज, एवढं लिहाले तुमाले पाच मिनिटं लागली. व्हिडीओ लागला, त्याच्यात यांनी मान वर करून पाह्यलं, तवा तुमी पडद्याले हात लावला. अन् मग माह्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या.

गोजराबाई : सपन पाह्यलं असंल हिनं. हरी, मले माहा लेक गेल्याचं दुख आहे, मी कम्प्युटर शिकत बसू का? जे मले येत नाही थे माह्या माथी काहून मारून राह्यली व तू? तुले मूल ना बाळ. माह्या घरातून मलेच काढून द्याचं आहे का आता?

हरीओम : झालं वहिनी? आणखी काही विचाराचं आहे मायले?

रूपाली : नाही. आता काही नाही.

हरीओम : मी भांडण करत नाही. एकच म्हणतो, ज्याच्या मनात वाटा आला त्यानं उद्या कोर्टाची पायरी चढली त आमी काय कराचं? म्हणून कागद तयार करून आणला. दुकानावरचा हक्क सोडला, असं लिहिलं आहे. सही करा, घरात राहा, जेवा, कोणी नाही म्हणत नाही. खुर्चीत मात्र उद्यापासून वैभवी बसंल.

रूपाली : घरात कायले राहू?

हरीओम : थे तुमचं तुमी पाहा.

रूपाली : रिठदचा माहा भाऊ दोन वर्षांपासून बोलावून राह्यला. दर दिवाळीले येते, म्हणते चल. मी त्याले हात जोडून वापस पाठवलं. म्हटलं, आत्याबाईले कोण आहे? यायची शुगर कोण पाहील, यायच्या पायाले तेल कोण लावील? मी या गाळ्यापायी नव्हती थांबली भाऊजी. यायच्यापायी थांबली होती. आता यायच्या तोंडानंच ऐकलं, मी यायले घरातून काढून राह्यली म्हणून. मग त्या घराचा वाटा घेऊन मी काय करू? द्या पेन.

हरीओम : इथं. अन् मागच्या पानावर. उद्या अकरा वाजता मंगरूळले नोंदणी ऑफिसात यावं लागंल, साक्षीदार मी आणतो.

रूपाली : येईन. घ्या. ही चाबी. शटर उजव्या बाजूनं अडकते, थोडं वर उचलून मग ओढाचं. रामीबाईचा निराधारचा फॉर्म अर्धा राह्यला आहे, थ्या उद्या येतील. त्यायले वापस नका पाठवू.

हरीओम : पाहीन मी.

रूपाली : आत्याबाई, शुगरची गोळी जेवणाच्या आधी घ्याची, नंतर नाही. वैभवीले सांगून ठेवा. तुमच्या ध्यानात राह्यत नाही.

गोजराबाई : जाऊन राह्यली का खरंच?

रूपाली : वाशिमची जीप उभी आहे स्टँडवर. कपडे भाऊ येऊन नेईल.

हरीओम : गेली. मले वाटलं होतं रडंल.

गोजराबाई : झालं ना तुह्या मनासारखं? खा आता भाकर. मी उठते, घरी जाते. डोकं दुखून राह्यलं.

हरीओम : बस माय. खुर्चीतून उठू नको. मंगळवारचा हा कागद आहे ना, वहिनीसमोर मी याच्यातले शब्द गाळून वाचले होते. अख्खं वाचून दाखवतो. दोन वाजून बारा मिनिटं, पहिलं पान उघडलं. दोन वाजून एकवीस मिनिटं, म्हणजे नऊ मिनिटांनी, लिहिलं. मयत पोराच्या दुकानात मायले वाटा भेटते का. वहिनी किती शुद्ध लिहिते. थे 'आईला' लिहील, 'मिळतो का' लिहील. मायले भेटते का, हे तुह्याशिवाय कोण लिहील? बोलते तसंच लिहिलं तू. अन् एवढ्या ओळीले नऊ मिनिटं.

गोजराबाई : तुले मालूम होतं?

हरीओम : मंगळवारी संध्याकाळीच.

गोजराबाई : मग तिले काहून रे बोलला?

हरीओम : मी कुठं काय बोललो? मी हवामान विचारलं. बाकी सगळं तूच बोलली. मी सही मागितली असती त तिनं भांडून अर्धा घेतला असता, तिच्या हक्काचाच आहे. तू बोलली म्हणून तिनं पेन मागून घेतला.

गोजराबाई : मी भेली रे हरी. मले वाटलं तू मलेच काढशील. वैभवी त्या दिवशी फोनवर तिच्या मायले सांगत होती, बुढीले वाशिमच्या आश्रमात टाकू म्हणे, तिथं भजनही असते. मी भिंतीआडून ऐकलं. म्हणून पाह्यलं, आपल्या नावचं काही आहे का जगात. दुसरं काही नव्हतं मनात.

हरीओम : मग, सापडलं का?

गोजराबाई : अर्धा तिचा, अर्धा माहा म्हणे.

हरीओम : बरोबर सापडलं. पोरबाळ नाही, म्हणून बायकोचा अर्धा, मायचा अर्धा. भावाचं नावच नाही त्याच्यात. मी इथं दोन वर्षांपासून घाम गाळून राह्यलो अन् माहं नावच नाही. तिचा अर्धा आला. हा दुसरा कागद तुह्या नावचा.

गोजराबाई : मी जाऊन तिले सांगते. जीप भरल्याशिवाय निघत नाही, अजून उभी असंल.

हरीओम : जा ना. काय सांगशील? शेपटी इकडं का तिकडं म्हणणारी मी नव्हती म्हणून? तिनं ऐकलं तरी आता थे तुह्या पायाले तेल लावाले येत नाही. अन् आली त ठेवाची कुठं? ह्या घरात? सही कर माय. दादानं शिकवली होती ना तुले सही, अंगठा नको. सही केली त आश्रमाचं मी पाहतो, वैभवीले समजावतो.

गोजराबाई : खरंच समजावशील?

हरीओम : पाहू ना. कर.

गोजराबाई : करते. पण एक काम कर माहं. त्याच्याआधी थो पखवाजाचा व्हिडीओ लावून दे. एकदाच.

हरीओम : तूच लाव की. आता कोणापासून लपवाचं?

गोजराबाई : मले कुठं येते बापा.