तीनदा पास झालेलं स्टोरेज

वडिलांच्या जुन्या एक्स-रेंचं पाकीट घेऊन ती दवाखान्याच्या रांगेत उभी होती. एक्स-रे संगणकात चढवायचे आणि मूळ फिल्म सरळ भंगारात, असा तिथला नवा कारभार. शेजारी दवाखान्याचेच दोन संगणकवाले बोलत होते. तिनं कान टवकारले.

"एक्स-रे साठवायची तिन्ही स्टोरेज तपासलीस ना रे?"

"तिन्ही पास! वेगसुद्धा अगदी सारखा."

"सारखा? जुनाट डिस्क नव्या डिस्कइतकी पळते होय?"

"मलाही नवलच वाटलं."

"आणि गप्प बसलास! टेस्टमध्ये दर वेळी स्टोरेजचं नाव बदललंस का?"

"ते बदलावं लागतं?"

"गाढवा, एकच घोडा तीनदा पळवलास! उरलेली दोन कुणी तपासली?"

"कुणीच नाही. आणि सकाळपासून एक्स-रे त्यांच्यातच चाललेत."

"बाई, पाकीट द्या," खिडकीतून आवाज आला.

"देते की. आधी सकाळी चढवलेला एखादा उघडून दाखवा."