चारच्या वरचे मेसेज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त माननीय श्यामकांत नवलकर साहेब, प्रमुख पाहुण्या डॉक्टर सुचित्रा कीर्तिकर, संगणक विभागाचे प्रमुख हितेंद्र गावडे, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या सर्वांच्या अनुजाबाई विजयकर, आणि परळ, गिरगाव, प्रभादेवीहून ड्युटी सांभाळून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी दत्ताराम परब, प्रभादेवीच्या प्रयोगशाळेतला. दोन शब्द बोलून खाली बसायचं मी कबूल केलं होतं. पण हितेंद्रने आत्ता आपल्या भाषणात बाईंच्या त्या प्रसिद्ध 'वर' या शब्दाची गंमत सांगितली. तुम्ही हसलात, बाईही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. का, ते सांगतो, आणि ज्यांना गंमत नीट कळली नाही त्यांच्यासाठी जरा मुळापासून सांगतो.

आपल्या प्रत्येक इमारतीत राऊटर नावाचा एक डबा आहे. प्रयोगशाळेतला रिपोर्ट परळच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत जातो तो या डब्यांमधून. हा डबा दिवसभर स्वतःशी बडबडत असतो. अमुक वायर निघाली, तमुक माणूस आत आला, मला गरम होतंय. पण वीज गेली की त्याला काही आठवत नाही. म्हणून बाईंनी ती बडबड माहीमच्या ऑफिसातल्या एका वेगळ्या सर्व्हरवर पाठवायची व्यवस्था केली. आता सगळीच बडबड पाठवली तर वाचणार कोण? म्हणून गाळणी लावायची. प्रत्येक मेसेजला शून्य ते सात असा आकडा असतो, आणि गोम अशी की आकडा जितका लहान, तितकं प्रकरण गंभीर. शून्य म्हणजे सगळं संपलं, सात म्हणजे नुसत्या गप्पा. मुंबईत जितका मजला वरचा तितका भाव जास्त, ही सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे उलटंच वाटणार.

हितेंद्र तेव्हा नवा होता, नोकरी अजून कायम झाली नव्हती. लालबागच्या घरात कमावता तो एकटाच. बाई आठवडाभर रजेवर निघाल्या होत्या आणि गाळणी लावायचं काम त्याच्याकडे आलं. नेमका त्या दुपारी मी आमच्या कॉम्प्युटरची तक्रार घेऊन बाईंच्या खोलीत बसलो होतो. बाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "हितेंद्र, शून्य ते चार पाठवायचे. पाच, सहा, सात तिथेच राहू देत."

"हो मॅडम."

"काय कळलं?"

"गंभीर तेवढे पाठवायचे."

उत्तर बरोबर होतं. गाळणी मात्र त्याने उलटी लावली. माहीमला गप्पा पोचत राहिल्या. प्रभादेवीचा राऊटर पंखा बंद पडल्याचं ओरडून सांगत होता, ते कुणापर्यंत गेलंच नाही. चौथ्या दिवशी तो भर दुपारी तापून बसला. थिएटरमध्ये पेशंट टेबलावर, आणि रिपोर्ट आमच्याकडे अडकलेला. शेवटी मीच कागद घेऊन टॅक्सीने परळला धावलो. पेशंट वाचला, देवाची कृपा. पण चौकशी समिती बसली. नवलकर साहेब, तुम्ही त्या समितीत नव्हता, म्हणून जरा मोकळेपणाने बोलतो आहे.

कागद नेणारा म्हणून मलाही बोलावलं होतं. समितीसमोर बाई म्हणाल्या, "मी त्याला 'चारच्या वरचे मेसेज पाठव' असं सांगितलं. मला वर म्हणजे जास्त गंभीर म्हणायचं होतं, त्याने वर म्हणजे मोठा आकडा धरला. शब्द माझा, चूक माझी."

मंडळी, काम सांगितलं तेव्हा मी बाईंच्या खोलीत होतो. 'वर' हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारलाच नव्हता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे बाईंनी कधी तसं पाहिलंय, त्यांना मी गप्प का बसलो ते कळेल. बाहेर आल्यावर मी तडकलोच. "बाई, हे काय केलंत?"

"परब, त्याची नोकरी कच्ची आहे. माझी पक्की आहे."

"आणि विभागप्रमुखाची जागा? ती या महिन्यात तुम्हाला मिळणार होती."

"ती मिळेल पुढे. हितेंद्रला मात्र हे कळू देऊ नका. नाहीतर तो जन्मभर माझ्यासमोर हात जोडून उभा राहील. मला कामाला माणूस हवाय."

हितेंद्रला त्यांनी सांगितलं, अरे, मीच 'वर' म्हणाले होते, तू बरोबर ऐकलंस. घाबरलेल्या माणसाला जे सांगाल तेच आठवतं. त्याला ते इतकं खरं वाटलं की दरवर्षी नव्या मुलांना तो ही गंमत सांगतो, आणि बाई शेजारी बसून खुशाल हसतात. विभागप्रमुख त्या वर्षी बाहेरून आले. मग दुसरे आले. मग हितेंद्र झाला. बाईंची ती जागा पुढेही कधी आली नाही. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे 'सहायक' असंच छापलंय.

बाई, हाताने खुणा करू नका, मी बसणार नाही. इतकी वर्षं तुमचं ऐकलं. पण तुम्ही या रुग्णालयातून निघून जाल आणि मागे तुमच्या नावाची एवढीच आठवण राहील, हे मला सहन होत नाही.

हितेंद्र, मान वर कर बाबा. विभाग तू उत्तम चालवतोस, आणि हे बाईंनी तेव्हाच ओळखलं होतं. माझं तुझ्याकडे एकच मागणं. ती गंमत नव्या मुलांना जरूर सांग, पण यापुढे पूर्ण सांग.

अध्यक्षांनी वेळेचं भान सोडून मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. अनुजाबाईंना उदंड आयुष्य आणि निवांत दुपारी लाभोत. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही चुकलं असेल, तर ते माझ्याच नावावर राहू द्या. बाईंच्या नावावर दुसऱ्याची एक चूक आधीच आहे.

नमस्कार.