नोंद क्रमांक एकेचाळीस

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक हर्षवर्धन शेठ, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सुरक्षा अधिकारी जयवंतीताई राऊत, वटारहून खास आलेले त्यांचे यजमान दिनानाथराव, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आणि समोर बसलेल्या प्रेस शॉप, पॉलिश, पॅकिंग व ऑफिसमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

निरोपाच्या भाषणाची सुरुवात तक्रारीने करू नये, असं म्हणतात. मी करणार आहे, कारण माझ्यावर अन्याय झालाय. मी या सभागृहात सगळ्यांच्या आधी आलो, बरोबर पंख्याखालची खुर्ची धरली, तिच्यावर रुमाल टाकला आणि चहा घ्यायला गेलो. परत येतो तर खुर्ची गायब. रुमाल घडी करून खिडकीत ठेवलेला. चौकशीअंती कळलं की खुर्ची आपत्कालीन दाराच्या वाटेत येत होती, म्हणून हलवली. कुणी हलवली? जिचा सत्कार आहे, तिने! गेला दीड तास मी त्या खांबामागे घामाने न्हातोय, आणि ते दार बघा कसं ऐसपैस मोकळं आहे. त्यातून आज कुणी पळून जाण्याची शक्यता नव्हती. आता माझं भाषण सुरू झालंय, तेव्हा ताईंची दूरदृष्टी मान्य करायला हवी.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी सामंत. डिस्पॅच बघतो. "गाडी उभी आहे, माल कुठाय?" असा आवाज रोज ऐकता ना, तो माझा.

चौदा वर्षांपूर्वी ताई आल्या तेव्हा आपल्याकडे सुरक्षा म्हणजे भिंतीवरचं एक पोस्टर होतं आणि वर्षातून एकदा घ्यायची शपथ. हात पुढे करून आपण ती मोठ्याने म्हणायचो, फोटो निघायचा, मग हेल्मेटं परत कपाटात. पहिल्याच वर्षी ताई मला म्हणाल्या, "शपथ छान झाली हो. पण पुढच्या वर्षी पुढे करायला सगळ्यांचे हात जागेवर राहतील, याचं काय करूया?"

धोका आणि जोखीम यांत फरक काय, हे मला आधी कळत नव्हतं. आपल्यापैकी किती जणांना कळतं? हात वर करू नका, खोटं दिसेल. ताईंनी मला ते शिकवलं माडावरून.

"सामंतभाऊ, आमच्या वाडीत माड आहे. वर नारळ लागलाय. हा झाला धोका. खाली कुणीच नाही, तोवर जोखीम नाही. आता तुम्ही आलात आणि बरोबर खाली खाट टाकून झोपलात. ही जोखीम."

मी म्हटलं, "मग हेल्मेट घालून झोपतो."

"हेच! सगळ्यांना पहिल्यांदा टोपीच आठवते. अहो, आधी नारळ उतरवा. नाही जमलं तर खाली जाळी बांधा. तेही नाही तर पाटी लावा, खाट दुसरीकडे घाला. हे सगळं करून झालं की मग टोपी."

दिनानाथराव मान हलवतायत. त्यांची खाट नक्की हलवली गेली असणार.

मग आली आगीची रंगीत तालीम. भोंगा वाजला की सगळ्यांनी तीन मिनिटांत फाटकाजवळच्या जांभळीखाली जमायचं, असं ठरलं. लागली एकोणीस मिनिटं. का? तर पॅकिंगची सगळी मंडळी दारातल्या मशीनवर अंगठा लावायला रांगेत उभी होती. ताई ओरडल्या, "अहो, आग लागलीय असं समजा!" रांगेतून प्रिस्का म्हणाली, "समजलं ना ताई, पण अंगठा नाय लावला तर अर्धा दिवस कापतात." शेठ, त्या दिवशी तुम्ही हसलात, आणि दुसऱ्या दिवशी 'भोंगा वाजल्यावर अंगठा माफ' असं परिपत्रक काढलंत. पुढच्या तालमीला दोन मिनिटं चाळीस सेकंद.

पण ताईंचं खरं काम ती निळी वही. सरकारी भाषेत तिला काहीतरी भारदस्त नाव असेल, इंग्रजीत तिला 'नियर मिस'चं रजिस्टर म्हणतात. ताईंनी वर मार्करने लिहिलं, 'थोडक्यात वाचलो'. अपघात झाला नाही, पण झालाच असता, अशा प्रसंगांची ही वही. आपल्या देशात घडलेल्या गोष्टींच्या नोंदी सापडत नाहीत, आणि ही बाई न घडलेल्या लिहून ठेवते! पाय घसरला पण पडलो नाही, लिहा. पाना वरून पडला पण डोक्यावर नाही, लिहा. कारण शोधायचं, ते दूर करायचं, नोंद बंद करायची. चौदा वर्षांत दोनशे सहा नोंदी. दोनशे पाच बंद.

काल ताई ही वही क्षितिजाच्या हवाली करत होत्या. उद्यापासून ताईंची खुर्ची तिची आहे. मी तिथे बिलं घ्यायला गेलो होतो. ताई मला म्हणाल्या, "सगळं नीट दिलं बघा. एकेचाळीस नंबर तेवढी उघडी राहिली. पोरीला उघडी नोंद देऊन जायला बरं नाही वाटत. आणि बाबूसाठीही वाईट वाटतं."

बाबू कुठाय? हां, पॉलिशवाल्यांच्या मागे. उभा राहा बाबू. नको? बरं, बस.

नव्या लोकांना एकेचाळीस माहीत नाही, म्हणून सांगतो. सहा वर्षांपूर्वीचा दसरा. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. मशीनची पूजा, प्रत्येक प्रेसला झेंडूचं तोरण, आणि तीन नंबरच्या प्रेसवर शेठच्या हस्ते मुहूर्ताचा पहिला डबा काढून देवीपुढे ठेवायचा. आता पत्रा दाबणाऱ्या या प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक पडदा असतो. हात त्याच्या आड आला की प्रेस जागच्या जागी थांबते. तो पडदा हाताला ओळखतो, तसाच झेंडूलाही. शेठ बटण दाबतायत, गुरुजी घड्याळ बघतायत, प्रेस ढिम्म. मग काय झालं कोण जाणे, प्रेस चालली, डबा निघाला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

सुट्टीनंतर बाबू त्या प्रेसवर बसला. पत्रा अडकला म्हणून त्याने हात आत घातला. पडदा हात बघून प्रेस थांबवेल, असा त्याचा विश्वास. पण पडदा बंद होता आणि पाय पेडलवर. ग्लोव्ह एक नंबर मोठा होता म्हणून बोट राहिलं, ग्लोव्हचं टोक गेलं. ते पापडासारखं चपटं झालेलं टोक ताईंनी त्या पानावर स्टेपल करून ठेवलंय.

पडदा चावीनेच बंद होतो. ती चावी कुणी फिरवली? नोंदीतला तो रकाना कोराच राहिला. चौकशीत कुणाचंच नाव आलं नाही, म्हणून आपण सगळ्यांनी सोयीने बाबूचं घेतलं. जास्त नग काढायला यानेच बंद केला असणार! बाबू सांगत राहिला, "मी नाय केला. कोनी केला ता मना काय म्हाईत." त्या वर्षी तो लाईन लीडर होणार होता. झाला नाही. अजून नाही.

ताई म्हणतात, दोषी शोधू नका, कारण शोधा, आणि त्यासाठी पाच वेळा 'का' विचारा. विचारतो.

प्रेस थांबली नाही. का? पडदा बंद होता. का? तोरण आड येत होतं आणि मुहूर्त टळत होता. तोरण काढलं का नाही? कारण फुलं काढणं अशुभ वाटलं. चावी ताईंच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि ताई बाहेर होमाजवळ वाळूची बादली ठेवायला गेल्या होत्या. मग नंतर पडदा परत चालू का केला नाही? कारण टाळ्या झाल्या, शेठनी पाठ थोपटली, "सामंत, तू होतास म्हणून झालं," आणि तो माणूस त्याच आनंदात चावी ड्रॉवरमध्ये टाकून पेढ्यांकडे गेला.

हसू नका. हो, सामंतच. पाचवा 'का' राहिलाय. सहा वर्षं बोलला का नाही? याला माझ्याकडे कारण नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली, आणि रोज एक दिवस अजून उशीर होत गेला, एवढंच. शेठ, तुम्हाला जे करायचं ते उद्या ऑफिसात करा. पण बाबूचं काम आधी करा.

ताई, माझ्याकडे असं काय बघताय? ठाऊक होतं तुम्हाला? चावीला माझ्या पूजेच्या बोटांचं कुंकू लागलं होतं म्हणता? आणि सहा वर्षं रकाना माझ्यासाठी कोरा ठेवलात! तुमच्यासारखी चिवट बाई मी पाहिली नाही.

अध्यक्षमहाशयांनी वेळ दिला, आपण सर्वांनी उकाड्यात ऐकून घेतलं, खानपान समितीने समोसे अजून गरम ठेवलेत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. त्या दसऱ्याचं मात्र घालू नका, ते वहीत जाऊ द्या.

क्षितिजा, वही आणलीयस ना? दे इकडे. एकेचाळीस. हे बघा ग्लोव्हचं टोक. पेन द्या कुणीतरी. बाबू, आता ये रे पुढे, साक्षीदार म्हणून तुझी सही लागते. वायरवरून जपून.

आणि मंडळी, आमच्या दोघांच्या सह्या होईपर्यंत टाळ्या नकोत. मागच्या वेळी मी टाळ्यांमुळेच विसरलो होतो.