शेवटची दोन रिळं

कालिंदी : खरं सांग अनिश, तो जपानी सिनेमा तू पाहिलास तरी का?

अनिश : कालिंदीताई, पहिल्या रांगेत बसलो होतो. तीन तास!

कालिंदी : मग हे काय लिहिलंयस? ‘शेवटी म्हातारा किल्लेदार आणि त्याचा बंडखोर मुलगा एका ताटात जेवतात.’ पुण्यामुंबईचे झाडून सगळे समीक्षक लिहितायत, बाप मुलाला ठार मारतो आणि सिनेमा संपतो. माझ्या साप्ताहिकात ऐकीव परीक्षणं चालत नाहीत.

अनिश : मारतोच की! मग जेवण. मेलेला मुलगा बापाच्या आठवणीत येतो. दिग्दर्शकाचं धाडस आहे ते.

कालिंदी : मला तर वेगळंच पाणी मुरताना दिसतंय. प्रोजेक्टरच्या मशीनवर कोण होतं?

अनिश : गोमाजी. शेवटच्या दोन डब्यांवर आकडे जपानीत, म्हणून डोकं खाजवत होता... अरे देवा!

कालिंदी : म्हणजे शेवटचं रीळ आधी लागलं. आणि तू त्यावर दीड कॉलम पाडलास! परीक्षण रद्द. त्या जागी रिळं उलटी लागल्याचा खुलासा दे.

अनिश : खुलासा नको ताई. हवं तर माझं नाव कायमचं काढा. नाते गावचे रावजी शेजारी बसले होते. घराच्या वाटणीवरून मुलाशी सात वर्षं अबोला. तो शेवट बघून तसेच उठले आणि मुंबईला मुलाला फोन लावला.

कालिंदी : स्वतःची लाज झाकायला म्हाताऱ्याला पुढे करतोयस?

अनिश : खुलासा वाचून त्यांचं मन फिरलं तर?

(रावजी दारात येतात.)

रावजी : सर, बरं झालं हितंच गावलात. श्रीपत आलाय माझा. उद्या जेवायला या. ताई, तुमी पन.

कालिंदी : रावजी, स्पष्टच सांगते. त्या सिनेमात जेवण आधी आहे, मारणं नंतर. आपल्याकडे रिळं उलटी लागली.

रावजी : ठाव हाय.

अनिश : ठाऊक आहे?

रावजी : मेलेला पोर जेवाय कसा बसंल, सर? मागचं पुढं झालंय, तितंच कललं मला.

कालिंदी : आणि तरी फोन केलात?

रावजी : म्हनूनच केला. एका ताटात जेवले, पन बाप एक शबुद बोल्ला नाय. तवाच बोल्ला असता, तर पुढचं कायच झालं नसतं.